बंदुकीचे दुकान, कापडाचे दुकान आणि बिल

बंदुकीच्या दुकानात गिऱ्हाइकाचा रुबाब चालत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे विकणाऱ्याला परवाना लागतो, तसा घेणाऱ्यालाही. आमच्या दिव्याच्या माणसाला तो ठाणे पोलीस आयुक्तांकडून मिळवावा लागतो. खिशात रक्कम कितीही असो, परवाना दाखवल्याशिवाय सौदा नाही. विक्रीची नोंद दुकानदाराच्या वहीत होते आणि परवान्यावरही. काडतुसे परवान्यात लिहिली असतील तेवढीच. सर्वसाधारण परवानाधारकाला पूर्वी तीन हत्यारे ठेवता येत, डिसेंबर 2019 पासून दोनच. परवान्याची मुदत संपली की हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावे लागते.

मग इथे ग्राहकसेवा ती कसली? आमच्या मते, मिळणार नसेल ते पहिल्याच मिनिटाला साफ सांगणे आणि झालेल्या व्यवहाराचा कागद हातात देणे, हीच ती सेवा. बंदूकवाला हे कायद्याच्या धाकाने करतो. आम्हा कापडवाल्यांच्या गल्ल्यावर मात्र बिल मागितले की कपाळाला आठी पडते, आणि भिंतीवर पाटी असतेच: 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

व्यापारी बांधवांनी ध्यानात घ्यावे की ही पाटी आता दुकानदाराला वाचवत नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. बिल न देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे हीदेखील. रंग बेगमसाहेबांना पसंत पडला नाही, हा दोष नव्हे. तिथे बदलून देणे दुकानदाराच्या खुशीवर. पण विणीत गाळा निघाला किंवा पक्का म्हणून विकलेला रंग पहिल्या धुण्यात उतरला, तर हुज्जत घालू नये. दिवा जंक्शन आहे. नाराज गिऱ्हाईक गाडीत बसून ठाण्याला किंवा कल्याणला जाते.

खरी अडचण पुढे आहे. गिऱ्हाइकाला पैसे परत दिले, तो खराब तागा भिवंडीच्या घाऊक व्यापाऱ्याने परत घेतला नाही तर? पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा या कायद्यात 'ग्राहक' ठरत नाही, म्हणून ग्राहक आयोगाचा दरवाजा आम्हाला बंद. आमचा दावा 1930 च्या मालविक्री कायद्याखाली, दिवाणी कोर्टात. तिथे तोंडी भरवशावर भागत नाही. तेव्हा घाऊक खरेदीचे बिल घ्यावे, त्यावर मालाचा प्रकार आणि मीटर लिहून घ्यावेत, आणि तागा फाडण्याआधी उलगडून पाहावा.