बहुवचनी कर्ता, संबंधदर्शक शब्द आणि इंग्रजी क्रियापद : सोलापुरातील बहुभाषिक वर्गाच्या संदर्भात

प्रास्ताविक

‘माय फादर हॅव गॉन टु अक्कलकोट’ हे वाक्य सोलापूर जिल्ह्यात इंग्रजी शिकविणाऱ्या प्राध्यापकांस अपरिचित नाही. उत्तरपत्रिकेत त्यातील ‘हॅव’ खाली लाल रेघ ओढली जाते, अर्धा गुण वजा होतो आणि विद्यार्थ्याचे व्याकरण कच्चे असल्याची नोंद मनात होते. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. म्हणजे पदवीच्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याने एकवचनास ‘हॅज’ व बहुवचनास ‘हॅव’ हा नियम किमान दहा-बारा वर्षे ऐकलेला असतो. त्याला तो तोंडपाठही असतो. तरीही चूक टिकून राहते, तेव्हा तिचे कारण नियमाच्या अज्ञानात शोधणे व्यर्थ होय. ते विद्यार्थ्याच्या स्वभाषेत शोधावे लागते. प्रस्तुत लेखात बहुवचनी कर्ता आणि संबंधदर्शक शब्द या दोन ठिकाणी होणाऱ्या चुकांचा या दृष्टीने विचार केला आहे.

आदरार्थी बहुवचन

वरील वाक्य लिहिणारा विद्यार्थी मनात ‘माझे वडील अक्कलकोटला गेले आहेत’ असे म्हणत असतो. मराठीत येथे एक व्यक्ती असूनही ‘माझे’, ‘गेले’ आणि ‘आहेत’ ही तिन्ही रूपे बहुवचनी आहेत. ‘माझा वडील गेला आहे’ असे कोणीही म्हणणार नाही. म्हणजे विद्यार्थ्याने बहुवचनी कर्त्यास बहुवचनी क्रियापद हा नियम मोडलेला नसून काटेकोरपणे पाळलेला आहे. फरक इतकाच की, ‘वडील’ हा शब्द त्याच्या दृष्टीने बहुवचनी आहे. ‘प्रिन्सिपल सर आर कमिंग’ हे वाक्यही याच न्यायाने तयार होते. पुढच्याच वाक्यात तो वडिलांविषयी ‘देअर शॉप’ असे लिहितो, कारण मनात ‘त्यांचे दुकान’ असते. वचनाची चूक आणि संबंधदर्शक सर्वनामाची चूक या दोन वेगळ्या चुका म्हणून मोजल्या जातात, पण त्यांचे मूळ एकच असते.

अशा वेळी ‘इंग्रजीत आदर नसतो’ असे सांगून विषय संपविण्याची प्रथा आहे. हे उत्तर सोयीचे असले तरी खरे नाही. इंग्रजीत ‘यू’ हे मुळात अनेकवचनी रूप होते व एकट्या व्यक्तीस ‘दाउ’ म्हणत. एका व्यक्तीस आदराने ‘यू’ म्हणण्याची रीत रूढ झाली, पुढे ‘दाउ’ मागे पडले, पण ‘यू’ बरोबरचे बहुवचनी क्रियापद मात्र तसेच राहिले. समोर एकच व्यक्ती असता ‘यू आर’ म्हणतात, ‘यू इज’ म्हणत नाहीत, ते यामुळेच. म्हणजे ‘आपण आला आहात’ आणि ‘यू हॅव कम’ यांची घडण एकाच जातीची आहे. इंग्रजीने हा आदर द्वितीय पुरुषापुरता ठेवला, तृतीय पुरुषात आणला नाही. एवढे सांगितले की विद्यार्थ्यास नियमाची सीमा कळते, आणि वडिलांसाठी ‘हॅज’ लिहिताना आपण त्यांना अरेतुरे करीत आहोत असेही वाटत नाही.

क्रियापद कोणाचे ऐकते

‘मुलगी आंबे खाते’ या वाक्यात क्रियापद कर्त्यानुसार चालते. ‘मुलीने आंबे खाल्ले’ येथे ते कर्मानुसार चालते. ‘मुलीने मांजरीला मारले’ येथे ते दोहोंपैकी कोणाचेच ऐकत नाही. कर्तरी, कर्मणी व भावे प्रयोगांची ही व्यवस्था मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथापासून शालेय पुस्तकांपर्यंत सर्वत्र मांडलेली आहे. इंग्रजीच्या तासाला मात्र तिचा उल्लेख सहसा होत नाही. ‘द गर्ल हॅव ईटन द मँगोज’ असे लिहिणारा विद्यार्थी आंब्यांच्या वचनाकडे पाहून क्रियापद ठरवीत असण्याची शक्यता परीक्षकाने लक्षात घ्यावयास हवी. ही चूक पूर्ण वर्तमानकाळातच अधिक होते की काय, हे तपासून पाहण्याजोगे आहे. साध्या वर्तमानकाळात मराठीतही क्रियापद कर्त्याचेच ऐकते, त्यामुळे तेथे या कारणाने गोंधळ होण्याचे प्रयोजन नाही.

शब्दक्रमाचाही परिणाम होतो. ‘माझ्या मित्रांपैकी एक जण सोलापूरला राहतो’ या वाक्यात खरा कर्ता ‘एक जण’ हा ‘मित्रांपैकी’ या शब्दानंतर येतो आणि म्हणून क्रियापदाच्या अधिक जवळ असतो. इंग्रजीत ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन सोलापूर’ असे म्हणताना ‘वन’ आरंभीच येऊन जातो आणि क्रियापदाच्या शेजारी बहुवचनी ‘फ्रेंड्स’ उरतो. विद्यार्थी शेजाऱ्याकडे पाहून ‘लिव्ह’ लिहितो. काही जण ‘वन’ कडे पाहून ‘फ्रेंड’ असे एकवचन करतात. ‘मित्रांपैकी’ या शब्दातील अनुस्वार दाखविला की ही दुसरी चूक बहुधा सुटते.

संबंधदर्शक शब्द

मराठीत षष्ठीचे रूप विशेषणाप्रमाणे चालते. ‘माझा भाऊ’, ‘माझी बहीण’, ‘माझे घर’, ‘माझ्या वह्या’ या रूपांत प्रत्यय मालकाकडे न पाहता मालकीच्या वस्तूकडे पाहतो. इंग्रजीतील ‘माय’ बदलत नाही, म्हणून तेथे अडचण नाही. अडचण ‘आपला’ या शब्दाशी येते. ‘सीतेने आपल्या भावाला पत्र लिहिले’, ‘रामाने आपल्या बहिणीला पत्र लिहिले’ आणि ‘मुलांनी आपल्या आईला पत्र लिहिले’ या तिन्ही वाक्यांत ‘आपल्या’ हा शब्द एकच आहे. मालक स्त्री, पुरुष की अनेक, हे त्यावरून कळत नाही व मराठीत कळण्याची गरजही नसते. इंग्रजी मात्र ‘हर’, ‘हिज’ व ‘देअर’ यांतून निवड करावयास लावते. स्वभाषेत न करावी लागणारी निवड परभाषेत करावी लागते, तेव्हा विद्यार्थी जवळच्या नामाचे लिंग पाहतो आणि ‘सीता रोट टु हिज ब्रदर’ असे लिहितो.

‘आपापला’ या शब्दाची तर इंग्रजीस उणीवच आहे. ‘प्रत्येकाने आपापली वही आणली आहे’ हे मराठीत निःसंदिग्ध आहे. इंग्रजीत ‘एव्हरीवन हॅज ब्रॉट देअर नोटबुक’ म्हणताना क्रियापद एकवचनी आणि संबंधदर्शक शब्द बहुवचनी होतो. जुनी पाठ्यपुस्तके येथे ‘हिज’ चा आग्रह धरीत. एकवचनी अर्थाने ‘देअर’ वापरण्याची रीत इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आढळते, आणि अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखननियमांच्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीने तिला मान्यता दिली आहे. त्यामुळे ‘देअर’ वर आता रेघ ओढण्याचे कारण उरलेले नाही. मात्र ‘देअर’ दिसते म्हणून ‘एव्हरीवन हॅव’ होत नाही, हे सांगावेच लागते.

उलट ‘माइन’ या शब्दाच्या बाबतीत मराठी साहाय्यक ठरते. ‘तुझ्या वह्या टेबलावर आहेत, माझ्या पिशवीत आहेत’ येथे ‘माझ्या’ हे रूपच वचन सांगते. इंग्रजीत ‘माइन’ चे रूप तेच राहते, पण ‘माइन आर इन द बॅग’ मधील ‘आर’ वह्यांचे वचन दाखवितो. मराठी रूप मनात आणावयास सांगितले की क्रियापद आपोआप योग्य येते.

लेखनात अपॉस्ट्रॉफीचा प्रश्न उरतो. मुलगे, मुलाचा आणि मुलांचा या तिहींसाठी इंग्रजीत उच्चार ‘बॉईज’ असा एकच होतो व भेद केवळ चिन्हाने दाखविला जातो. हे चिन्ह त्या अर्थाने स्थिर व्हावयास सतरावे-अठरावे शतक उजाडले. याला मराठीत जवळचा दाखला आहे. ‘मुलाच्या वह्या’ आणि ‘मुलांच्या वह्या’ यांत फरक एका टिंबाचा आहे आणि घाईच्या बोलण्यात तो पुसट होतो. अनुस्वाराबाबत दक्ष असलेल्या विद्यार्थ्यास अपॉस्ट्रॉफी ‘स’ च्या आधी की नंतर, हे समजावयास वेळ लागू नये.

सोलापूरचा वर्ग

येथवरचे विवेचन मराठी घरातील विद्यार्थ्यापुरते झाले. सोलापूरच्या वर्गात पूर्व भागातील विणकर कुटुंबांतून आलेले तेलुगू भाषक, अक्कलकोट व दक्षिण सोलापूरकडील कन्नड भाषक आणि दखनी बोलणारे विद्यार्थीही असतात. तेलुगूतील ‘ना’ व कन्नडमधील ‘नन्न’ ही ‘माझा’ या अर्थाची रूपे भावापुढे, बहिणीपुढे वा वह्यांपुढे बदलत नाहीत. या बाबतीत त्या भाषा इंग्रजीच्या जवळ आहेत. भूतकाळातही त्यांत क्रियापद कर्त्याचेच ऐकते, त्यामुळे कर्मणी प्रयोगाचा फास त्या विद्यार्थ्यास घरच्या भाषेतून लागत नाही. लागलाच तर तो शाळेतील मराठीतून. आदरार्थी बहुवचन मात्र या दोन्ही भाषांत आहे. शिवाय तेलुगू घरात स्वतःच्या वडिलांस ‘मा नान्न’, म्हणजे ‘आमचे वडील’ असे म्हणतात. म्हणून एकटा विद्यार्थी निबंधात ‘अवर फादर’ लिहितो, तेव्हा त्याने वचन चुकविलेले नसते. मराठी घरांतही ‘आमचे वडील’ म्हणण्याची रीत आहेच.

सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झाले. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. येथे उत्तरपत्रिका लिहिणारा आणि तपासणारा बहुधा याच भाषांच्या सहवासात वाढलेले असतात. दूरच्या परीक्षकास जे केवळ अशुद्ध वाटेल, त्याचे मूळ ओळखण्याची सोय येथील प्राध्यापकास आहे. गुण वजा करावा की नाही, हा परीक्षा मंडळाचा प्रश्न असला तरी समासात ‘हॅज’ एवढेच न लिहिता ‘वडील : इंग्रजीत एकवचन’ असे तीन शब्द लिहिण्यास कोणत्याही मंडळाची हरकत असू नये.