‘टेन्शन नको घेऊ’ म्हणून भागत नाही

दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये काढल्यामुळे माझं मराठी यथातथाच. मराठी विभागासाठी लिही म्हटल्यावर आधी मी पळच काढला होता. पण हाच विषय इंग्रजीत लिहिला तर माझ्या रूममेटच्या आईला तो कोण वाचून दाखवणार? म्हणून हा खटाटोप. चूकभूल द्यावी घ्यावी!

रूममेटचं नाव लिहीत नाही. बाकीचं तिला विचारूनच लिहिते आहे. ती आपल्याच बीड जिल्ह्यातली. आईवडील ऊसतोड कामगार, म्हणजे ‘एक कोयता’. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, हे मला इथे आल्यावर कळलं. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडायचं आणि पाच-सहा महिने कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात फडावर कोपी टाकून राहायचं. ही लहानपणापासून आजीजवळ वाढली.

गेल्या वर्षी तिचे तीन विषय राहिले. त्यातच घरून ‘स्थळ बघायलोत’ असा फोन. ती मेसला जाईना, रात्रभर जागी, सकाळी उठवलं तरी उठेना. मी काय केलं? पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, “टेन्शन नको घेऊ यार, होतंय सगळं!” ती हसली. मला वाटलं, झालं काम! पुढचे पंधरा दिवस ती माझ्याशी त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. मग एका रात्री दिवा बंद केल्यावर म्हणाली, “मी नसते तर घरचा खर्च तरी वाचला असता.” मी घाबरले आणि तशीच रेक्टर मॅडमकडे गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंसमोर बसलो होतो.

माझी कल्पना अशी होती की समुपदेशक म्हणजे उपदेश करणारा. शब्दातच आहे ना! पण पहिल्या पाऊण तासात ताईंनी एकही सल्ला दिला नाही. मला बाहेर बसवलं आणि तिला बोलू दिलं. नंतर मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाल्या, “सल्ले तिला घरून, शिक्षकांकडून, तुझ्याकडून भरपूर मिळालेत. ऐकून कोणी घेतलं नव्हतं.”

थोडी माहिती घेतली ती सांगते. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर, तो औषधं लिहून देतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि थेरपी करतो. समुपदेशक मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेला असतो. तो गोळ्या देत नाही, बोलण्यातून माणसाला स्वतःचा गुंता सोडवायला मदत करतो आणि गरज दिसली तर पुढे डॉक्टरांकडे पाठवतो. नऊ प्रश्नांची एक साधी यादी असते, पीएचक्यू-९ नावाची. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, कशात मन लागलं का, असे प्रश्न. शेवटचा प्रश्न थेट मरणाच्या विचारांबद्दल. मला वाटायचं, असं विचारलं तर डोक्यात नसलेला विचार यायचा. ताई म्हणाल्या, तसं होत नाही, उलट विचारल्यावर माणसाला मोकळं वाटतं. अभ्यासांतूनही हेच दिसलंय.

लहान मुलांचं काम आणखी वेगळं. आठ वर्षांचं पोर ‘मी उदास आहे’ म्हणत नाही, ‘पोट दुखायलंय’ म्हणतं. शाळेत भांडतं, नाहीतर अंथरूण ओलं करतं. आजी म्हणते दृष्ट लागली. ताई आजीला हसत नाहीत. दृष्ट काढू द्या म्हणतात आणि पोराच्या हातात खडू देतात. घराचं चित्र काढ म्हटलं की एखादं पोर आजीला आणि स्वतःला दाराशी काढतं, आईबापाला कागदाच्या पार दुसऱ्या टोकाला. मग कळतं पोट का दुखतंय ते. आपल्याकडे हंगामी वसतिगृहं आहेत, शिरूर कासार तालुक्यात आर्वीला ‘शांतिवन’ आहे. तिथे अशा मुलांच्या राहण्या-शिकण्याची सोय होते. पण कुटुंबाचं समुपदेशन करायचं म्हटलं तर अर्धं कुटुंब तीनशे किलोमीटरवर उसात! पुस्तकात सगळे गोल करून बसतात. इथे फोन लावायचा तोही गाडी भरून झाली असेल तेव्हा, रेंज असेल तर.

शेतकरी आत्महत्यांमुळे राज्य सरकारनं २०१५ साली १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात बीड होतं. आशाताईंनी घरोघरी जाऊन प्रश्न विचारायचे आणि ज्यांना गरज त्यांना उपचारापर्यंत पोचवायचं, अशी ती रचना. मला ही कल्पना फार आवडली, कारण आपल्याकडे स्वतःहून ‘वेड्याच्या डॉक्टर’कडे कोण जातंय? हॉस्टेलवर तरी कुठे जातो आपण!

सगळ्यात जास्त भीती असते ती ‘घरी सांगतील का’ याची. तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयता हा आपला हक्क आहे. अपवाद आहेत. जिवाला धोका असेल तर समुपदेशक गप्प बसत नाही आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं कळवावंच लागतं. चांगला समुपदेशक हे पहिल्याच भेटीत सांगून टाकतो. ताईंनीही सांगितलं होतं.

स्टाफसाठीही एक गोष्ट. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. आपल्याकडे त्या खोलीत सध्या जुने प्रिंटर आहेत. (संपादकांनी हे वाक्य कापू नये ही विनंती!) तोवर टेलिमानसचा नंबर १४४१६ लक्षात ठेवा. २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.

रूममेटचं विचाराल तर सहा भेटी झाल्या. तीनातले दोन विषय निघाले, एम-थ्री अजून छळतोय. तिसऱ्या भेटीत ताईंनी स्पीकरवर फडावर फोन लावला होता. वडील आधी नुसतं “हूं, हूं” करत होते. लग्नाचा विषय डिग्रीपर्यंत थांबवायला ते कबूल झाले, पण आजी अजून फुरंगटलेली आहे. फोन ठेवता ठेवता आईनं ताईंना विचारलं, “मॅडम, मला बी रातच्याला झोप येत नाही. मोठ्या माणसाचं बी ऐकता का तुम्ही?”

ताईंनी पाडव्यानंतरचा पहिला मंगळवार डायरीत लिहून ठेवला.