जाळी काढलेली बुलेट

पोळ्याच्या दिवशी, तोरणाखाली बैलांच्या जोड्या रांगेने उभ्या असताना आणि झडत्या म्हणणाऱ्यांचा स्वर टिपेला पोचलेला असताना, माझ्या बुलेटच्या सायलेन्सरचा तळ अकस्मात गळून पडावा आणि त्या विदीर्ण नळकांड्यातून निघालेल्या गर्जनेने, शिंगांना बेगड लावलेला व पाठीवर झूल पांघरलेला एक पांढराशुभ्र बैल बुजून दावे तोडू पाहावा, हा प्रसंग मोहगावकरांच्या स्मरणात माझ्या अवघ्या शिक्षकी कारकिर्दीपेक्षा अधिक काळ टिकेल अशी मला साधार भीती आहे. बैलाचा धनी रागावला नाही, त्याने केवळ विस्मयाने विचारले, "गुरुजी, तुमी बी जाळी काढली का जी?"

या प्रश्नाची बोच बाहेरच्या वाचकाला कळायची नाही, म्हणून थोडा खुलासा करतो. सायलेन्सरच्या पोटात आवाज मारण्यासाठी जी सच्छिद्र नळी असते तिला आमच्याकडे जाळी म्हणतात, आणि ती काढून टाकून गल्लीतून भर दुपारी जाणे हा मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसर तहसिलीतील तरुण पिढीचा, विशेषतः जामसावळीच्या हनुमानाला निघालेल्या टोळक्यांचा, एक मान्यताप्राप्त उद्योग आहे. कोल्हापूर-सांगलीकडे अशा गाडीला 'पुंगळी काढलेली' म्हणतात असे ऐकतो. शब्द निराळा असला तरी कानठळ्या त्याच. त्या मंडळींविरुद्ध फिर्याद मी स्वतः ग्रामस्थांच्या वतीने दोनदा लिहून दिलेली असल्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यात मलाच उभे राहावे लागले, याचे वैषम्य वाटणे साहजिक होते.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रात गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, चाललेली असते त्या दिवशी, मी गाडी ढकलत सौंसर रस्त्यावरील मिस्त्रीकडे नेली. या मिस्त्रीचे वय पन्नाशीच्या पुढचे, हात कोपरापर्यंत काळे, आणि बोलणे मोजके. त्याने गाडी पाहण्याआधी मलाच पाहिले आणि म्हटले, "तुमाले आवाज पायजे का ताकद पायजे, थे पयले सांगा. दोनी पायजे असन, त मंग दुसऱ्याकडे जा."

ताकद हवी आणि आवाज नको, असे मी उत्तर दिले. त्यावर तो हसला. कारण त्याच्याकडे येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना आवाज हीच ताकद वाटते, आणि दहाव्याला तसे वाटत नसले तरी त्याच्या मुलाला वाटते.

जुना सायलेन्सर उतरवून त्याने तो माझ्या विनंतीवरून लोखंड कापायच्या आरीने लांबीत चिरला. इतकी वर्षे ज्या वस्तूच्या शेजारी पाय ठेवून मी बसलो तिचे अंतरंग मी प्रथमच पाहत होतो. बाहेरून एक गुळगुळीत, लांबट बाटली. आत मात्र पत्र्याचे दोन आडवे पडदे, त्यांमुळे झालेले तीन खण, आणि त्या खणांना जोडणाऱ्या, अंगभर बारीक छिद्रे पडलेल्या नळ्या. वायू पहिल्या नळीने थेट मागच्या खणात जातो, तेथून उलट फिरून पुढच्या खणात येतो, आणि पुन्हा वळसा घेऊन शेपटाकडे निघतो. मला तहसील कचेरीची आठवण झाली. दारातून तावातावाने शिरलेला अर्जदार आवक-जावकच्या टेबलावरून नाझराकडे, नाझराकडून वाचकाकडे, आणि वाचकाकडून पुन्हा पहिल्याच टेबलावर असा फिरता फिरता संध्याकाळी जेव्हा मागल्या दाराने बाहेर पडतो तेव्हा त्याच्या आवाजात सकाळची धार उरलेली नसते. सायलेन्सरचे कार्य तत्त्वतः याहून निराळे नाही. प्रत्येक खणात ध्वनीची लाट भिंतीवर आपटून परतते, परतणारी लाट येणाऱ्या लाटेला भिडते, आणि ज्या ठिकाणी एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडतो तेथे दोघी एकमेकींस गिळतात.

त्या खणांच्या तळाशी गंजाचे पापुद्रे साचले होते. बोटाने दाबताच पिठासारखे विरले. गंजाचे कारण विचारता मिस्त्री म्हणाला, "तुमी गाडी वावरापर्यंतच नेता ना जी, म्हनून." मला हे प्रथम कोडेच वाटले; मग शाळेत शिकवलेले रसायनशास्त्र आठवले. एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण तितकेच पाणी तयार होते, आणि ते वाफेच्या रूपाने याच नळकांड्यातून जाते. दूरच्या प्रवासात सायलेन्सर तापतो व वाफ बाहेर पडते. पण संत्र्याच्या बागेपर्यंत दीड कोस जाऊन परत येणाऱ्या माझ्यासारख्याच्या गाडीत ती थंड पत्र्यावर पाणी होऊन बसते. पंचवीस वर्षे मी माझ्या गाडीच्या पोटात थेंब थेंब पाणी साठवीत होतो, आणि पोळ्याच्या मुहूर्तावर त्याचे फळ मिळाले.

आता प्रश्न नव्याचा. मिस्त्रीच्या खोपटात तीन प्रकार टांगलेले होते: एक मूळ बनावटीचा लांब, एक बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याच्या जुन्या गोल्डस्टार गाडीवरून नाव व आकार उचललेला, शेपटाकडे निमुळता होणारा, आणि तिसरा इंदोरी, ज्याचे नाव आमच्या राज्याच्या व्यापारी नगरीने साऱ्या हिंदुस्थानच्या बुलेटस्वारांना दिले आहे. माझा भाचा सोबत होता. त्याने इंदोरीकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी ओळखतो; माझ्या तारुण्यात आम्ही यामाहाच्या आरएक्स शंभरकडे तसेच पाहत असू.

आरएक्सचा विषय निघाला आहे तर तेथे थोडे थांबणे भाग आहे, कारण आवाज आणि ताकद यांची गल्लत बहुधा त्या गाडीपासून सुरू झाली. १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे बनलेली ती ९८ घनसेंटिमीटरची दोनटाकी, म्हणजे टू-स्ट्रोक, गाडी. दोनटाकी इंजिनात निकासाच्या वाटेला झडप नसते. त्यामुळे ताजे मिश्रण जळण्याआधीच धुरासोबत बाहेर पळू पाहते, आणि त्याला योग्य क्षणी परत आत लोटण्याचे काम सायलेन्सरचे पोट करते. पोटाचा फुगवटा व त्यापुढचा निमुळतेपणा यांचा हिशेब पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन याने १९५० नंतरच्या दशकात बसवला; आणि १९६१ साली त्याचाच स्वार एर्न्स्ट डेगनर पळून जाऊन हे गुपित सुझुकीच्या स्वाधीन करता झाला, तेव्हापासून जपानी दोनटाकी गाड्यांचे नशीब उघडले. म्हणजे दोनटाकी गाडीत सायलेन्सर हा इंजिनाचाच अर्धा भाग असतो. तो बदलला की गाडी बदलते, हे त्या गाडीपुरते अक्षरशः खरे होते. आणि तेच सत्य चारटाकी, म्हणजे फोर-स्ट्रोक, बुलेटला जसेच्या तसे लावणाऱ्यांची फसगत होते.

भाच्याच्या हट्टापुढे मी नमलो. मिस्त्रीने इंदोरी चढवला, दर एक किकीला आवाजाचा एक गोळा अंगणात फुटू लागला, आणि आम्ही रामाकोना ओलांडून सिल्लेवानीच्या घाटाकडे निघालो. सपाटीवर मला वाटले की गाडी तरुण झाली आहे. हँडल हातात थरथरत होते, मांड्यांना हादरे बसत होते, रस्त्यालगतच्या बकऱ्या उधळत होत्या. गतीचा याहून मोठा दाखला माणसाच्या इंद्रियांना कोणता हवा? काटा मात्र साठावरच होता. आजवर साठाच्या वेगाने जाताना मला कधी इतके शूर वाटले नव्हते.

घाट लागला आणि पितळ उघडे पडले. ज्या वळणावर माझी बुलेट पंचवीस वर्षे तिसऱ्या गियरमध्ये रेंगाळत, पण न थकता, वर चढत आली, तेथे तिला दुसरा गियर टाकावा लागला. चढावर ती खाकरत होती. उतारावर मूठ सोडली की नळकांड्यातून फट् फट् असे फटाके निघत, आणि भाचा हर्षभरित होऊन मागून माझ्या पाठीवर थाप मारी.

परतल्यावर मिस्त्रीने स्पार्क प्लग काढून माझ्यासमोर धरला. निरोगी इंजिनाचा प्लग बिस्किटासारख्या तपकिरी रंगाचा असतो; हा मात्र उन्हात वाळलेल्या हाडासारखा पांढुरका झाला होता. "पेट्रोल कमी पडून रायलं," तो म्हणाला. मग त्याने जे समजावले ते, त्याचे शब्द बाजूला ठेवून, माझ्या शब्दांत मांडतो. निकासाची झडप उघडते त्या क्षणी आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. तो सुटताच नळीतून दाबाची एक लाट धावते, आणि नळीचे मोकळे तोंड गाठताच तीच लाट ओढीचे रूप घेऊन मागे फिरते. ती परतून आली त्या वेळी आतली व बाहेरची दोन्ही झडपा क्षणभर एकत्र उघड्या असतील, तर उरलेला धूर ओढून काढून ताज्या हवेला ती वाट करून देते. चुकीच्या वेळी आली तर धूरच परत आत लोटते. झोक्याला योग्य क्षणी हात लावणे आणि अवेळी लावणे यात जो फरक, तोच येथे. बुलेटचा सिलिंडर ७० मिलिमीटर रुंद आणि दट्ट्याची चाल ९० मिलिमीटर. म्हणजे जातिवंत संथ गाडी. मिनिटाला ३,००० फेरे फिरली तरी स्फोट सेकंदाला २५ च. कारखान्याने नळी व खण या संथ चालीसाठी आखलेले असतात. जाळी काढली, किंवा इंदोरीसारखे मोकळे नळकांडे चढवले, की परतणाऱ्या लाटेचा हिशेब बिघडतो, मिश्रणातले हवा-पेट्रोलचे प्रमाण ढळते, आणि घाटात लागणारा खालच्या फेऱ्यांतला जोर हरवतो. मिश्रण विरळ झाल्याने आत न पेटलेले पेट्रोल तप्त नळीत जाऊन पेटते, तेच ते फटाके. भाचा ज्यावर टाळ्या देत होता तो आवाज माझ्या पैशांच्या जळण्याचा होता.

कार्ब्युरेटरचा जेट एक आकडा मोठा घातला असता खोकणे बरेचसे थांबले, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. आवाज मात्र तसूभरही उतरला नाही. आवाज आणि ताकद यांची लग्नगाठ नाही हे मला त्या दिवशी पटले: एकीला बरे करता येते, दुसऱ्याला तसेच ठेवून.

कायद्याचे म्हणाल तर तो या बाबतीत संदिग्ध नाही. १ एप्रिल २००५ पासून नव्या दुचाकींना ध्वनीची मर्यादा आहे: ८० घनसेंटिमीटरपर्यंत ७५ डेसिबल, १७५ पर्यंत ७७, आणि त्याहून मोठ्यांना ८०. वस्तीच्या भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलच्या वर गलका नसावा असा २००० सालच्या नियमांचा दंडक आहे. हे आकडे जवळजवळचे दिसतात, पण फसवे आहेत. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट झाली, जरी आपल्या भोळ्या कानाला ती दुपटीसारखीच भासली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० अन्वये दंड १०,००० रुपयांपर्यंत, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. आमचे गाव ऑक्टोबर २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते आणि आता पांढुर्णा जिल्ह्यात आहे, पण राज्य मध्य प्रदेशच, त्यामुळे चालान हिंदीत मिळते. पण दवाखाना, बाजार आणि सोयरीक यांसाठी आम्हाला नागपूरच गाठावे लागते, आणि तेथे पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली तेव्हापासून मोहगावची पोरे सावनेरच्या अलीकडेच जाळी परत बसवू लागली आहेत. ही युक्ती मला मिस्त्रीनेच सांगितली. जाळी काढण्याचे आणि बसवण्याचे असे दोन्ही पैसे तो घेतो, हे सांगताना त्याच्या मुद्रेवर यत्किंचितही संकोच नव्हता.

भाच्याजवळ स्वतःची नवी गाडी आहे, १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा नियमांची. तिच्या नळीत धूर शुद्ध करणारा मौल्यवान जाळीदार ठोकळा बसवलेला, आणि ऑक्सिजनचा कानोसा घेणारा एक पहारेकरी. तिचा सायलेन्सर बदलला की तबकडीवर दिवा लागू शकतो. मिस्त्री त्या गाडीला हात लावीत नाही. "थिच्यात माह्यापेक्षा जास्त अक्कल हाय," म्हणतो.

गंमत म्हणजे आवाज मारण्याच्या या विद्येचा एक धागा थेट बंदुकीशी जोडलेला आहे. यंत्रबंदूक शोधणाऱ्या हायरम मॅक्सिमच्या मुलाने, हायरम पर्सी मॅक्सिमने, १९०९ साली बंदुकीच्या नळीचा आवाज मारणाऱ्या उपकरणाचे पेटंट घेतले, आणि त्याच तत्त्वावर मोटारींच्या इंजिनांसाठीही साधने बनवली. बापाने जगाला ऐकवलेला गडगडाट लेकाने नळकांड्यात कोंडावा, आणि आमच्या गावच्या मुलांनी बुलेट नावाच्या गाडीतून तो पुन्हा मोकळा करावा!

शेवटी मी मूळ बनावटीचाच लांब सायलेन्सर घेतला. मिस्त्रीने जुना वायसर फेकून इंजिनाच्या तोंडाशी नवा बसवला, बेंड पाइप नीट ठोकून दाबला, कारण तेथे केसभर फट राहिली तरी हवा आत शिरून फटाके सुरू होतात. मग गाडी चालू करून तळहात शेपटापासून वीतभर अंतरावर धरला आणि डोळे मिटून उभा राहिला, वैद्याने नाडी धरावी तसा. सेकंदाला सात-आठ ठोके, सारखे, मऊ, उबदार. मीही हात धरून पाहिला. धप, धप, धप. आणि प्रत्येक धपेसोबत तळहातावर येणारा दमट श्वास.

गाडी बंद करण्याआधी त्याने ड्रिल घेऊन सायलेन्सरच्या तळाशी, मागच्या टोकाला, ज्वारीच्या दाण्याएवढे एक भोक पाडले. मी दचकून विचारले, आवाज वाढणार नाही का? "एवढ्यातून आवाज नाही निंघत, गुरुजी. पानी निंघते." दुसऱ्या दिवशी पहाटे वावरात जाण्यासाठी किक मारली, अंगणातल्या धुळीत गाडीखाली ओले ठिपके पडू लागले, आणि गोठ्यातला बैल मान न वळवता रवंथ करीत राहिला.