गटात न बसणारा ओंडका

नवोदय आणि शिष्यवृत्ती या दोन्ही परीक्षांची तयारी एकदमच करणाऱ्या एका पाचवीतल्या मुलीच्या वडिलांनी प्रश्न पाठवला आहे. ९, १६, २५, २७ यांतली गटात न बसणारी संख्या कोणती? सराव पुस्तिकेच्या मागच्या पानावर उत्तर आहे २७, कारण बाकीच्या तिन्ही वर्गसंख्या. मुलगी म्हणते १६, कारण बाकीच्या तिन्ही विषम. ती हट्टाला पेटली आहे. तिचं कुठे चुकलं हे तिला कसं पटवायचं, अशी वडिलांची विचारणा.

पटवू नका, ती चुकलेली नाही. एवढंच काय, ९ हेही उत्तर चालेल, कारण एकअंकी संख्या ती एकटीच. आणि २५ सुद्धा, कारण पाचाने भाग जाणारी तेवढीच एक. चार पर्याय, चारही बरोबर. प्रश्न काढणाऱ्याच्या डोक्यात त्या दिवशी वर्गसंख्या होत्या, आणि गुण हवे असतील तर त्याच्या डोक्यात शिरायला हवं, एवढाच याचा अर्थ.

संख्यामालिकांचंही तेच. १, २, ४, ८, १६, पुढे काय? ३२ न म्हणणारा विरळा. आता एक वर्तुळ काढा. त्यावर एक बिंदू घेतला तर आतला भाग एकच, अखंड. दोन बिंदू घेऊन जोडले की भाग दोन. तीन बिंदू एकमेकांना जोडले की चार, चार बिंदूंचे आठ, पाचांचे सोळा. सहाव्या बिंदूला मात्र सगळ्या रेषा ओढून भाग मोजले तर भरतात एकतीस. सातांचे सत्तावन्न. लिओ मोझर या गणितज्ञाच्या नावाने हा प्रश्न ओळखला जातो. (सहा बिंदू अगदी समान अंतरावर घेतलेत तर तीसच भाग मिळतील. तीन कर्ण मध्यावर एकाच ठिकाणी छेदतात आणि मधला इवलासा त्रिकोण गडप होतो. टापटीप मुलांना एक भाग कमी देणारा दुसरा प्रश्न माझ्या तरी माहितीत नाही.) आणि वर्तुळाचीही गरज नाही. दिलेल्या पाच संख्यांपुढे तुम्ही तुमचा पिनकोड लिहिलात तरी सगळ्यांना चपखल बसेल असं बहुपदी सूत्र तयार करता येतं. त्याची रीत लाग्रांजच्या नावाने अठराव्या शतकापासून पुस्तकांत आहे.

मग ३२ च का? दुप्पट करत जा, हा नियम सर्वांत आटोपशीर म्हणून. १९६० च्या दशकात अमेरिकेत रे सोलोमोनॉफ आणि मॉस्कोत आंद्रेई कोल्मोगोरोव या दोघांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, या आटोपशीरपणाला गणिती मोजमाप दिलं. दिलेली माहिती जशीच्या तशी छापणारा सर्वांत छोटा संगणक प्रोग्रॅम किती लांबीचा, ते मोजायचं. जितका छोटा, तितका नियम साधा. पण छोटा कुठल्या भाषेत लिहिलेला? भाषा बदलली की लांबी बदलते. सिद्धान्त म्हणतो, हा फरक एका स्थिरांकापुरता आहे, लांबलचक माहितीपुढे तो नगण्य ठरतो. मान्य. पण पाच पदांच्या मालिकेत किंवा चार पर्यायांच्या प्रश्नात माहिती असते चिमूटभर, तिथे सगळा निकाल तो स्थिरांकच लावतो. आणि मुलांच्या बाबतीत ही ‘भाषा’ म्हणजे तोवर शाळेत काय शिकवून झालंय ते. सम-विषम आधी येतं, वर्गसंख्या मागाहून. त्या मुलीने तिच्याकडे असलेल्या भाषेतला सर्वांत छोटा नियम निवडला. कोल्मोगोरोवने तिला पूर्ण गुण दिले असते, असं मला मनापासून वाटतं.

यावर तोडगा म्हणून आकृत्या पुढे येतात. नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न असतात. त्यांतले ४० मानसिक क्षमतेचे आणि शंभरातले ५० गुण त्यांनाच. ते सगळे आकृत्यांचे: वेगळी आकृती ओळखा, नमुना पूर्ण करा, आरशातील प्रतिमा, घडी घालून छिद्र पाडलेला कागद, लपलेली आकृती वगैरे. १९८५-८६ मध्ये हरियाणात झज्जरला आणि आपल्याकडे अमरावतीला अशी पहिली दोन नवोदय विद्यालयं सुरू झाली. जिल्ह्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. अशा परीक्षेत भाषेवर कमी आणि आकृत्यांवर जास्त भिस्त ठेवावी, हे ओघानंच आलं.

या आकृत्यांचा माग काढत गेलं की आपण १९३० च्या दशकात इंग्लंडमधल्या कोल्चेस्टरला पोचतो, आणि तिथे भेटतात लायनेल पेनरोज. या माणसाबद्दल लिहायची संधी मी शोधतच असतो. बौद्धिक अपंगत्व म्हणजे ‘वाईट रक्त’, अशा घरांत मुलंच होऊ देऊ नयेत, असं म्हणणाऱ्या सुप्रजननवाद्यांचा तो काळ. पेनरोज यांनी भाषण ठोकण्याऐवजी मोजणी केली. तिथल्या बौद्धिक अपंगांच्या संस्थेतले १२८० रुग्ण घेतले, आणि नुसते रुग्ण नाहीत तर त्यांचे आईबाप, भावंडंही. हे काम करणाऱ्यांत जॉन रेव्हन हा तरुण मानसशास्त्रज्ञ होता. तेव्हाच्या बुद्धिमापन चाचण्या लांबलचक, शब्दबंबाळ. घरोघरी जाऊन, गोंगाटात, कमी शिकलेल्या आईबापांना त्या द्यायच्या कशा? म्हणून शब्दच नको. एक नक्षी, तिचा एक तुकडा गायब, खाली पर्याय. योग्य तुकडा बोटाने दाखवायचा. या कल्पनेवरचा पहिला निबंध १९३६ साली पेनरोज आणि रेव्हन या दोघांच्या नावाने आला. १९३८ मध्ये चाचणी प्रसिद्ध झाली ती रेव्हनच्या नावाने: बारा-बारा प्रश्नांचे पाच संच, सोप्याकडून अवघडाकडे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने ती भरतीला लावली आणि पुढे ती जगभर गेली. आज ‘नमुना पूर्ण करा’ म्हणून पाचवीच्या मुलासमोर जे येतं ते तिचंच दूरचं नातवंड.

पेनरोज यांचं नाव या कथेतून गळालं. त्यांना खंत नसावी, दुसरे उद्योग भरपूर होते. १९४५ मध्ये लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात सुप्रजननशास्त्राच्या गॉल्टन अध्यासनावर ते बसले. त्या विषयाची तिथल्या नियतकालिकाच्या नावात असलेली पाटी १९५४ मध्ये उतरवून तिथे ‘मानवी आनुवंशिकी’ आणली आणि अध्यासनाचंही नाव पुढे बदलून घेतलं. १९५८ मध्ये मुलाबरोबर त्यांनी कधीच न संपणारा जिना आणि अशक्य त्रिकोण छापला. चित्रकार एशरची ती प्रसिद्ध चढत्या-उतरत्या माणसांची शिळाछाप त्या जिन्यावरूनच आली. मुलगा म्हणजे रॉजर पेनरोज, २०२० चे नोबेल मानकरी.

आता अशी एक आकृती जवळून पाहू. तीन ओळी, प्रत्येकीत तीन घरं. पहिल्या ओळीत वर्तुळ, चौकोन, त्रिकोण. दुसरीत चौकोन, त्रिकोण, वर्तुळ. तिसरीत त्रिकोण, वर्तुळ आणि रिकामं घर. प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे आतली टिंबं एक, दोन, तीन. पहिल्या ओळीच्या आकृत्या साध्या रेषेच्या, दुसरीच्या तुटक, तिसरीच्या दुहेरी. उत्तर: दुहेरी रेषेचा चौकोन, आत तीन टिंबं. इथे तीन स्वतंत्र नियम एकाच वेळी चालू आहेत, आणि चुकीचे पर्याय मुद्दाम असे रचतात की त्यांत दोन नियम पाळलेले आणि एक मोडलेला असतो. १९९० मध्ये पॅट्रिशिया कार्पेंटर, मार्सेल जस्ट आणि पीटर शेल यांनी रेव्हनच्या कठीण चाचणीवर विद्यार्थ्यांची नजर कुठून कुठे फिरते ते टिपलं. त्यांना आढळलं की जवळपास सगळे प्रश्न पाचच जातींच्या नियमांत बसतात. अडचण नुसती नियम सुचण्याची नसते. एक नियम धरून ठेवून दुसरा शोधायचा आणि तेवढ्यात पहिला निसटू द्यायचा नाही, तिथे गाडी अडते. म्हणून जाणते शिक्षक सांगतात तेच खरं: आधी फक्त आकार बघा आणि न जुळणारे पर्याय खोडा, मग फक्त टिंबं, मग फक्त रेषा.

मग शब्द काढले म्हणजे शाळाही काढली गेली का? इथे उझबेकिस्तानातला ओंडका आठवतो. १९३१-३२ मध्ये अलेक्झांडर लुरिया हा रशियन मानसशास्त्रज्ञ तिथल्या खेड्यांत गेला. निरक्षर शेतकऱ्यांपुढे त्याने चार चित्रं ठेवली: हातोडा, करवत, कुऱ्हाड, ओंडका. वेगळं काय? शाळेत गेलेला कोणीही ओंडका म्हणेल, बाकीची अवजारं आहेत. शेतकरी म्हणाले, वेगळं काहीच नाही. ओंडका नसला तर करवत कशावर चालवायची? एका माणसाने ओंडका बाजूला काढला होता, असं सांगितल्यावर एकाचं म्हणणं पडलं की त्याच्याकडे जळण भरपूर असेल. दुसरा प्रश्न तर्काचा: उत्तरेकडे बर्फाच्या प्रदेशात सगळी अस्वलं पांढरी असतात, अमुक गाव तिथेच आहे, तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? उत्तर आलं, आम्ही तिकडे गेलेलो नाही, पाहिल्याशिवाय कसं सांगणार. थोडी शाळा शिकलेल्या, सामुदायिक शेतीत काम करणाऱ्या त्याच भागातल्या लोकांनी हेच प्रश्न बिनबोभाट सोडवले. हे निष्कर्ष सोव्हिएत राजकारणाला झेपले नाहीत. लुरियाचं पुस्तक यायला १९७४ साल उजाडलं.

शाळेच्या या प्रभावाला आकड्यांची जोड न्यूझीलंडमधल्या जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दिली. नेदरलँड्समध्ये सैन्यभरतीच्या तरुणांना रेव्हनची चाचणी द्यावी लागे. १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत त्यांचा बुद्ध्यंक जवळपास वीस गुणांनी वर गेला होता. जनुकं तीस वर्षांत बदलत नाहीत. बदललं ते जगणं: शाळेची वर्षं, तक्ते, नकाशे, वस्तूपासून गुणधर्म सुटा करून बघण्याची सवय. आणि सर्वाधिक वाढ नेमकी त्या बिनशब्दांच्या, ‘शाळेचा संबंध नसलेल्या’ चाचणीत झाली.

तेव्हा ‘आमच्या क्लासमध्ये बुद्ध्यंक वाढतो’ अशा फलकांकडे पाहताना थोडं थांबावं. वाढतो तो बहुधा त्या प्रकारच्या प्रश्नांचा सराव. यंत्रांनाही हे लागू आहे. फ्रान्स्वा शोले यांनी २०१९ मध्ये रंगीत चौकटींच्या कोड्यांची ‘आर्क’ ही कसोटी यंत्रांसाठी काढली. डिसेंबर २०२४ मध्ये ओपन एआयच्या ओ३ या प्रारूपाने तीत ७५.७ टक्के, आणि भरमसाट गणनशक्ती ओतल्यावर ८७.५ टक्के मिळवले तेव्हा यंत्र माणसाच्या बरोबरीला आलं म्हणून हाकाटी झाली. सराव संच त्याला आधी दाखवलेला होता, हे बातम्यांत खाली कुठेतरी. मार्च २०२५ मध्ये कोड्यांची नवी आवृत्ती आली आणि तीच यंत्रं आधी एक आकडी टक्क्यांवर घसरली.

सरावाला माझा विरोध नाही. काही सराव खरंच कामाला येतो. आकृती मनात फिरवण्याचं कौशल्य शिकवून वाढतं, हे २१७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन २०१३ मध्ये दाखवलं गेलं आहे. त्याला क्लासची फी लागत नाही, रद्दी आणि कात्री पुरते. चौकोनी कागद उजवीकडून डावीकडे दुमडा, मग खालून वर. चार पदर झाले. मधोमध भोक पाडलं तर उलगडल्यावर चार भोकं. घडीच्या कडेवर अर्धा गोल कापला तर दोन पूर्ण गोल. दोन्ही घड्या मिळतात त्या कोपऱ्यावर पाव गोल कापला तर कागदाच्या मध्यभागी एकच. आता त्याच कोपऱ्यातून जाणारी तिसरी, तिरपी घडी घाला आणि तिच्या कडेच्या मध्यावर अर्धा गोल कापा. उलगडण्याआधी मुलांना आकडा बोलायला लावा. पदर आठ म्हणून आठ हे उत्तर चटकन जिभेवर येतं. निघतात चारच, कारण प्रत्येक पदरावर कापला गेलाय तो अर्धाच गोल.