प्याद्याची बढती

प्याद्याची बढती हा बुद्धिबळातील एक मूलभूत नियम आहे. या नियमानुसार पटाच्या शेवटच्या आडव्या ओळीत पोहोचलेल्या प्याद्याच्या जागी त्याच रंगाचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा ठेवला जातो. प्याद्याला राजा होता येत नाही, तसेच प्यादे म्हणूनही राहता येत नाही.

== प्याद्याची चाल ==
बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरे असतात व प्रत्येक खेळाडूकडे ८ प्यादी असतात. प्यादे सरळ पुढे एक घर चालते; मूळ जागेवरून निघताना मात्र त्याला दोन घरे जाण्याची मुभा असते. ते मारते तिरके आणि मागे कधीच फिरत नाही. त्यामुळे बढतीसाठी प्याद्याला किमान ५ खेळ्या कराव्या लागतात.

== नियम ==
* बढती अनिवार्य असून ती त्याच खेळीचा भाग असते. नव्या मोहऱ्याचा प्रभाव तत्काळ सुरू होतो. त्यामुळे बढतीनेच शह किंवा मात होऊ शकते.
* मारला गेलेला मोहराच परत मिळतो, हा समज चुकीचा आहे. मूळ वजीर पटावर असतानाही दुसरा वजीर करता येतो. तत्त्वतः एका बाजूचे ९ वजीर होऊ शकतात.
* निवडलेला मोहरा बढतीच्या घराला टेकला की निवड बदलता येत नाही.
* स्पर्धेत उलटा ठेवलेला हत्ती वजीर नव्हे, तर हत्तीच मानला जातो. वजीर उपलब्ध नसल्यास खेळाडू घड्याळ थांबवून पंचांकडे तो मागू शकतो.

== कनिष्ठ बढती ==
वजीर सर्वांत बलवान असल्याने बहुधा त्याचीच निवड होते. मात्र काही वेळा वजीर केल्याने जिंकत आलेला डाव हातचा जातो. अशा वेळी वजिराऐवजी दुसरा मोहरा घेण्याला कनिष्ठ बढती म्हणतात.

याचे प्रसिद्ध उदाहरण १८९५ मधील आहे. ग्लासगो येथे राहणारे स्पॅनिश धर्मगुरू फर्नांडो सावेद्रा यांनी, बरोबरीची मानल्या गेलेल्या एका स्थितीत पांढऱ्याचा विजय शोधला. त्या स्थितीत पांढऱ्याकडे राजा व एक प्यादे, तर काळ्याकडे राजा व हत्ती एवढेच असतात. निर्णायक क्षणी पांढऱ्याने वजीर केल्यास काळा आपला हत्ती बळी देतो. वजिराने तो मारताच काळ्या राजाला शह नसतो, पण एकही चाल उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. सावेद्रा यांनी वजिराऐवजी हत्ती करण्याचे सुचवले. हत्ती तिरका चालत नसल्याने काळ्या राजाची कोंडी होत नाही व पांढरा जिंकतो.

घोड्याची चाल वजिराला येत नाही. म्हणून तत्काळ शह देण्यासाठी घोडा उपयोगी पडतो. 'लास्करचा सापळा' या डावात काळ्याचे प्यादे सातव्याच खेळीत घोडा होऊन राजाला शह देते. पांढऱ्याने तो घोडा हत्तीने मारल्यास काळा उंटाने शह देऊन वजीर जिंकतो.

== इतिहास ==
शतरंज या जुन्या खेळात प्याद्याला केवळ वजीर होता येई. तेव्हाचा वजीर तिरके एकच घर चालत असल्याने बढतीचे मोल मर्यादित होते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजिराला आजची व्यापक चाल मिळाली आणि बढती हे डावाचे निर्णायक अंग बनले. जुन्या भारतीय पद्धतीत प्यादे ज्या मोहऱ्याच्या उभ्या ओळीत शेवटास पोहोचे, त्याच मोहऱ्याचे रूप त्याला मिळे. आंतरराष्ट्रीय नियमांत ही निवड खेळाडूकडे आली.