नगरची इटालियन

नगर-दौंड रस्त्यावरच्या कायनेटिक चौकात उभं राहून इटालियन मोटारसायकलींचा विषय काढला, तर लोक आधी तोंडाकडे बघतील. पण विषय अगदीच परका नाही. २०१८ साली फिरोदियांच्या कायनेटिक समूहाने ‘मोटोरॉयल’ या नावाने परदेशी गाड्यांचा व्यवसाय मांडला, तेव्हा एमव्ही अगुस्ता जोडायचं काम नगरला ठेवलं. इटलीतून सुटे भाग यायचे आणि गाडी इथे उभी राहायची.

अगुस्ता हे मूळचं विमानवाल्यांचं घराणं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस कामगारांच्या हाताला काम हवं होतं, म्हणून १९४५ मध्ये त्यांनी मोटारसायकलींची कंपनी काढली. जाकोमो अगोस्तिनीने १५ जागतिक अजिंक्यपदं मिळवली, त्यांतली १३ याच गाड्यांवर. आजच्या तीन सिलिंडरच्या एफ-३ मध्ये क्रँकशाफ्ट चाकांच्या उलट दिशेने फिरतो, त्यामुळे वळणावर गाडी चटकन झुकते. ऐकायला हे छान वाटतं. पण टॅपेट सेट करायची वेळ आली की निम्मी गाडी उघडायची, मायक्रॉनच्या हिशेबातल्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, बदलायच्या आणि एखादी वस्तू इटलीहून येईपर्यंत गॅरेजमध्ये कव्हर घालून ठेवायची. असली गाडी पाळणं म्हणजे दारात हत्ती बांधणं. नगरच्या रस्त्यांवर तिची वस्ती काही झाली नाही.

नगरने घरात घेतली ती इटालियन वेगळी. तिला पायडल होतं.

पियाजिओने १९६७ मध्ये ‘चाओ’ नावाची मोपेड काढली. पन्नास सीसीचं आडवं टू-स्ट्रोक इंजिन, पट्ट्यावर फिरणारं मागचं चाक, गिअर नाहीत, वजन चाळीस किलोच्या आसपास. हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने परवाना घेऊन १९७२ मध्ये तीच गाडी ‘लूना’ म्हणून आणली. चाओ हा इटालियन माणसाचा भेटताना आणि निघताना, दोन्ही वेळचा शब्द. लूना म्हणजे चंद्र. ज्या काळात स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, त्या काळात मास्तर, पोस्टमन, एलआयसी एजंट आणि कॉलेजच्या मुली सायकलवरून थेट लूनावर आल्या. पुढे सुपर, मॅग्नम, डबल प्लस, टीएफआर अशी भावंडं निघाली. टीएफआरच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, मधे वैरणीचा भारा आणि त्यावर मालक, हे दृश्य पाथर्डी-शेवगावकडे ज्याने पाहिलं, त्याने या यंत्राची परीक्षा पाहिली. पीयूष पांडे यांच्या जाहिरातीने तिला देशभर नाव दिलं, पण ओझ्याखाली तिला कसं वागवायचं हे दूधवाल्याला विचारावं.

कारण लूना सांभाळणं ही स्वतंत्र विद्या आहे. सगळं येतं ऑइलच्या मापावर. इंजिनाला वेगळं वंगण नाही. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळायचं, तेच सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टनला वाचवतं आणि जळून जातं. माप कमी पडलं की पिस्टन सीझ. जास्त झालं की प्लग काळाकुट्ट, सायलेन्सरमध्ये कार्बन आणि गाडी चढाला बसकण मारते. आमच्या घरच्या टीएफआरचं असंच झालं होतं. मी ऑइलच्या बाबतीत सढळ, वाटायचं चांगलंच चाललंय. मिस्त्रीने सायलेन्सर काढला, सरळ विस्तवात टाकला, आणि काळा धूर निघून गेल्यावर आतून कार्बनच्या खपल्या झाडून दाखवल्या. एवढी काजळी मी तोपर्यंत फक्त चुलीवरच्या पातेल्याला पाहिली होती.

दुसरा नखरा पॉइंटचा. ठिणगी कधी पडायची हे ठरवणारे दोन छोटे संपर्क फ्लायव्हीलच्या आड बसलेले. ते झिजतात, त्यांच्यावर काळं धरतं. पॉलिश पेपरने घासायचे आणि फटीत फिलर गेज घालून अंतर जुळवायचं. जुन्या मिस्त्रींकडे गेज असे, पण ते डबीतच राही. बोटाने फ्लायव्हील फिरवून ‘झालं’ म्हणायचे, आणि खरंच झालेलं असे. एमव्हीच्या तंत्रज्ञाला लॅपटॉप लागतो. मला विचाराल तर दोघांची जात एकच, फक्त एकाच्या हाताला ग्रीस जास्त.

मधल्या काळात बरंच घडलं. कायनेटिकचा होंडाबरोबरचा संसार १९९८ मध्ये मोडला, इटलीच्याच इटालजेटकडून स्कूटरची डिझाइनं घेऊन ‘ब्लेझ’ निघाली, २००८ मध्ये दुचाकीचा धंदा महिंद्राकडे गेला. लूनाचं उत्पादन त्याआधीच थांबलं होतं. नगरचा कारखाना गिअर आणि शाफ्ट बनवत राहिला.

गंमत सरकारी नियमाची आहे. २०२१ पासून पन्नास वर्षं ओलांडलेली, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते; नव्या नोंदणीला शुल्क वीस हजार रुपये, आणि मग ती रोजच्या वापराला काढायची नाही. १९७२ ची लूना आता या पंक्तीत बसते. म्हणजे एखाद्या जुन्या अगुस्ताच्या शेजारी ती मानाने उभी राहू शकते, फक्त भाजी आणायला जाऊ शकत नाही. नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे. लूनाला अजून गोठ्याच्या भिंतीचाच आधार.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुलज्जा फिरोदिया-मोटवानी यांच्या कायनेटिक ग्रीनने ‘ई-लूना’ आणली. तिची चासी नगरला बनते. पुढची सपाट जागा तशीच, किटल्या आणि पोती ठेवायला. ऑइलचं माप नाही, पॉइंट नाही, सायलेन्सर नाही. जुन्या मिस्त्रीला तिच्यात हात घालायला जागा सापडत नाही. आणि पायडल काढून टाकलंय. जुन्या लूनाचं पेट्रोल मिरजगावच्या अलीकडे संपलं तरी इंजिन सोडवून सायकलसारखी मारत घरी येता येई, शिव्या देत का होईना. हिची बॅटरी उतरली तर ढकलायची.