ढाक आणि दरारा

भाईंदरला सातारा-सांगलीकडची माणसं पुष्कळ. कुणी पोलिसातून निवृत्त झालेला, कुणी माथाडी कामगार. चार जण जमून कुस्तीचा विषय निघाला की वाद ठरलेला: मोठा कोण, खाशाबा जाधव की गणपतराव आंदळकर? मी लहानपणापासून दोघांचाही वेडा, तरी माझं मत आधीच सांगून टाकतो. कुस्तीतली अक्कल पाहावी ती खाशाबांची, पण शौकिनांचं काळीज जिंकलं ते आंदळकरांनी.

ढाक हा डाव कळल्याशिवाय खाशाबा कळत नाहीत. समोरच्याच्या मानेला हाताचा वेढा घालायचा, त्याच क्षणी वळून कंबर त्याच्या पोटाखाली सारायची आणि त्याच्याच वजनानं त्याला पलीकडं फेकायचं. अर्धा श्वास उशीर झाला की आपलीच पाठ त्याच्या हाती सापडते. कोल्हापूरच्या एका तालमीत म्हाताऱ्या वस्तादांनी मला हा डाव मातीच्या हौद्यात उतरून दाखवला. हातांकडं नको, पायांकडं बघ, असं ते पुनःपुन्हा सांगत होते. मागचा पाय टाचेवर न टेकता चवड्यावर गर्रकन फिरला, तेव्हा कुठं मला उमगलं की खाशाबांसारख्या ५७ किलोच्या आतल्या गड्याला हाच डाव का साधावा. यात ताकदीला दुसरा नंबर आहे.

२३ जुलै १९५२. हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली लढत हरल्यावर खाशाबांना पुरता दमही घेऊ न देता सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोव्हपुढं उभं केलं. दोन कुस्त्यांत अर्ध्या तासाची विश्रांती हवी, असा नियम होता. पण तो बजावून सांगायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. ही गोष्ट मला आजही बोचते. तरीही कांस्यपदक आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या वारीसाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते.

बाकीचा तपशील थोडक्यात. खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म १९२६. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे. १९५५ पासून पोलिसात. १९८४ मध्ये अपघाती मृत्यू. आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे, जन्म १९३५. १९६० चे हिंदकेसरी. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमनचं सुवर्ण, फ्रीस्टाइलचं रौप्य. १९६४ ला टोकियो ऑलिंपिक. २०१८ मध्ये निधन.

मग ऑलिंपिकचं पदक खाशाबांकडं असताना दरारा आंदळकरांचा का? उत्तर फडात आहे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानाच्या पायऱ्यांवर बसून बघा. मध्ये एकही खांब नाही, शेवटच्या रांगेतूनही आखाड्याची माती दिसते. दुपारी उन्हात हलक्या वजनाच्या जोड्या लागतात, तेव्हा निम्म्या पायऱ्या रिकाम्या असतात. एक नंबरची कुस्ती दिवस कलताना. हलगी कडकडते, भारी अंगाचा मल्ल शड्डू ठोकतो आणि सारं मैदान उभं राहतं. ती वेळ आंदळकरांची होती. मुंबईनंही वरळीच्या स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग या मल्लांना पाहायला अशीच गर्दी केली. थोराड देहाचं आकर्षण काही कोल्हापूरपुरतं नाही.

शिवाय आंदळकर लंगोट उतरवून घरी बसले नाहीत. मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून त्यांनी दादू चौगुलेंसारखा मल्ल घडवला, ज्यानं १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं. आंदळकरांचं नाव असं शिष्यांच्या तोंडून चालत राहिलं. खाशाबांचं नाव मात्र त्यांच्या मागे वाढलं. आंदळकरांना अर्जुन पुरस्कार १९६४ ला, ऐन उमेदीत मिळाला. खाशाबांना २००० सालचा, तोही मरणोत्तर. दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव २०१० मध्ये लागलं. ज्यांनी त्यांची एकही कुस्ती पाहिली नाही, ती आजची पोरं त्यांना मानतात, आणि माझ्या लेखी हे प्रेम पाहिलेल्या कुस्तीवरच्या प्रेमाहून तसूभरही कमी नाही.

आता खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन झाला आहे. त्या दिवशी भाषणं होतील, हार घातले जातील. शाळांनी तेवढ्यावर न थांबता एखाद्या जाणत्या वस्तादाला बोलवावं आणि पोरांना मातीत ढाक मारून दाखवायला सांगावं, चवड्यावर फिरणाऱ्या पायासकट.